बेसमेंटमधली बाई आणि तिची आई

आमच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्या बाईला राग आला की ती खिडकी उघडायची. ओरडणं नाही, आदळआपट नाही. जानेवारीत कॅनडातल्या आमच्या किचनर गावात बाहेर पाऊल टाकलं की नाकातले केस ताठ होतात, आणि खाली जाऊन बघावं तर खिडकी सताड उघडी आणि ही टी-शर्टवर तिच्यासमोर स्टूल टाकून बसलेली. आमची फर्नेस बिचारी धडधडत अख्ख्या गल्लीला ऊब देत असायची. "अगं बाई, लाव ती खिडकी," असं म्हटलं की ती माझ्याकडे बघून नाक मुरडायची.

नाक मुरडणं म्हणजे नाही आणि भुवया उचलणं म्हणजे हो, ही त्यांच्या लोकांची पद्धत. हे कळायला मला तो पहिला हिवाळा पुरा गेला. तोवर मला वाटायचं की ही बया येता-जाता मला नाक मुरडते, मग मीही तिला मुरडायचे. म्हणजे महिनोन् महिने दोघी एकमेकींना नाही म्हणत होतो, आणि कशाला ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

ती दगडाची कलाकार. पार वर उत्तरेकडची, झाडही उगवत नाही तिथली, इनुइट. आमच्या ह्यांनी पहिल्या आठवड्यात तो जुना, त्यांना अपमानाचा वाटणारा 'एस्किमो' शब्द वापरला, तेव्हा पहिल्यांदा खिडकी उघडली. वयाने माझ्याएवढीच, सत्तरीच्या आसपास. बुटकी, रुंद, आणि मनगटं अशी की लोणच्याची बरणी उघडायला मी ह्यांच्याऐवजी तिला हाक मारायचे. मी तिला बाई म्हणायचे. ती मला 'अपस्टेअर्स' म्हणायची आणि ह्यांना 'मिस्टर'. खरी नावं माहीत होती, पण कुणी ती वापरण्याच्या भानगडीत पडलं नाही.

गराज तिने पहिल्याच उन्हाळ्यात ताब्यात घेतलं. गाडी बाहेर आणि दगड आत. हे रोज सकाळी कुरकुरत गाडीवरचा बर्फ शोव्हल करायचे आणि ही तोंडाला मास्क, डोळ्यांना गॉगल लावून आत ग्राइंडर फिरवत असायची. माझ्या कुंडीतल्या पुदिन्यावर हिरवट धुळीचा थर. शेजारी दोनदा तक्रार घेऊन आला, तर तिने मास्क न काढता त्याच्या हातात झाडू दिला.

दगड घ्यायच्या आधी ती त्याला ठोकायची, बोटाच्या पेराने, मग छोट्या हातोडीने. कान लावून बसायची. आपण बाजारात कलिंगड वाजवून बघतो तसं. आवाज बद्द आला की तो दगड बाहेर कुंपणाशी. आमच्या कुंपणाशी असे नापास दगड इतके साठले होते की घर बांधायला काढलंय का, असं पोस्टमनने विचारलं होतं.

टोरंटोहून एक गॅलरीवाली यायची. गोरी, बारीक, सतत काळ्या कपड्यांत. तिला अस्वलं हवी असायची. नाचणारं अस्वल, झोपलेलं अस्वल. बाई म्हणायची, "अस्वल एअरपोर्टवर मिळतं." आणि करायची काय, तर पेशंट न्यायचं छोटं विमान, दुकानातली किराणाची भरलेली पिशवी, तिच्या गावातला बंद पडलेला ट्रक. एकदा माझा प्रेशर कुकर केला, शिट्टी तिरकी बसलेला, अगदी माझाच. गॅलरीवालीने तो हातात घेऊन विचारलं, "ही उत्तरेतली मूळ परंपरा आहे का?" बाईने गंभीरपणे भुवया उचलल्या.

लहान काम झालं की ती वर यायची. "अपस्टेअर्स, ओव्हन हवा." दगड हळूहळू तापवायचा आणि गरम असतानाच त्यावर मधमाश्यांचं मेण चोळायचं, की तो आतून काळाभोर चमकतो. ज्या ट्रेवर मी नानकटाई भाजते त्याच ट्रेवर तिचे ट्रक आणि विमानं. आमच्यात करार होता. दगड वर आणायचे, मासा खालीच ठेवायचा. कारण मासा ती खायची तो गोठलेला, कच्चा, जमिनीवर पुठ्ठा पसरून, अर्धचंद्र पातं असलेल्या सुरीने कापत. त्या सुरीला उलू म्हणतात. आपल्या विळीचं पातं उपटून मूठ लावावी तशी. मी एकदाच पाहिलं आणि आठवडाभर खाली गेले नाही.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ह्यांचे वडील वाईला भिक्षुकी करायचे. हे इंजिनिअर झाले, इकडे आले, निवृत्त होईपर्यंत नगरपालिकेत पिण्याच्या पाण्याच्या पाइपांचं काम केलं, पण घरातली एक सवय सुटली नाही. दारात कुणीही येवो, आधी पाणी. फर्नेस दुरुस्त करणारा असो की वाट चुकलेला डिलिव्हरीवाला, हे तांब्या-भांडं घेऊन हजर. लोक गोंधळतात. बाई पहिल्यांदा घर बघायला आली तेव्हा तिलाही दिलं. ती गटागटा प्यायली आणि मग हसत सुटली.

"मिस्टरला सगळे सील वाटतात," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. त्यांच्याकडे सील मारला की शिकारी आधी त्याच्या तोंडात गोडं पाणी सोडतो. जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिलेला जीव, तहानलेला असतो. तिचा मामा बर्फ आपल्या तोंडात धरून वितळवायचा आणि ते कोमट पाणी सीलच्या तोंडात सोडायचा. पाणी दिलेला जीव रागावून जात नाही. ह्यांना ही गोष्ट इतकी आवडली की मंदिरात भेटेल त्याला सांगत सुटले.

आईची गोष्ट तिने एकदाच सांगितली, ओव्हन तापायची वाट बघताना, माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या. ती तान्ही होती, आईच्या पाठीवर. त्यांच्या बायकांच्या कोटाला मागे मोठी टोपी असते, मूल तिच्यात बसतं. उन्हाळ्यात डॉक्टरांची बोट आली. सगळ्यांच्या छातीचे फोटो काढले. आईच्या छातीत डाग निघाला. "तिला बोटीवरून खाली उतरू दिलं नाही. मला टोपीतून काढलं आणि मावशीकडे दिलं. बोट निघाली." आई दक्षिणेतल्या क्षयाच्या इस्पितळात गेली, एवढंच घरी माहीत. परत आली नाही. कुठे पुरली हे कुणी कळवलं नाही.

म्हणून बाई दक्षिणेत आली होती. माणसं विचारत, दफनभूम्या हिंडत तिची वर्षं गेली. शेवटी आमच्यापासून तासाभरावरच्या गावात ती जागा सापडली. नुसतं गवत होतं. त्या गवतावर ठेवायला तिला आई करायची होती. दगड तिच्या भावाने गावाकडच्या खाणीतून काढला आणि उन्हाळ्यातल्या मालाच्या बोटीने पाठवला. बाईने तो ठोकला. आवाज स्वच्छ होता, पण एका कोपऱ्यात किंचित बद्द. एरवी तिने कुंपणाशी फेकला असता. हा ठेवला.

अडचण एकच. आईचा चेहरा तिला आठवत नव्हता, फोटोही नव्हता. मग तिने चेहरा घेतला नातीचा. तिच्या मुलाच्या मुलीला आईचं नाव दिलेलं होतं, आणि त्यांच्यात नाव दिलं की माणूसच परत येतो. पाच वर्षांच्या त्या पोरीला बाई फोनवर 'आई' म्हणायची. आपल्याकडेही सासऱ्यांचं नाव पोराला ठेवलं की सून त्याला नावाने रागवत नाही, त्यामुळे मला काही फार विचित्र वाटलं नाही. संध्याकाळी व्हिडिओ कॉल चालू असायचा, पोरगी तिकडे दूध-सिरियल खात असायची आणि ही तिच्या गालाची हाडं बघत कागदावर रेघा ओढत असायची. त्या रेघांतून तिने एक तरुण बाई काढली.

नोव्हेंबरात पुतळा पुरा झाला. कमरेएवढी उंच बाई, पाठीवर टोपी, टोपीतून डोकावणारं तान्हं. माझ्या तर डोळ्यांतून पाणीच आलं, लाज कसली त्यात. शनिवारी तो बसवायचा होता. मुलगा, सून आणि नात विमानं बदलत बदलत येणार होते. जमीन गोठायच्या आत हे उरकायला हवं होतं, नाहीतर थेट पुढचा उन्हाळा, आणि तिकडून पुन्हा पुन्हा येणं कुणाला परवडत नाही. बाईचे हातही ग्राइंडरने बधिर व्हायला लागले होते. बोटं पांढरी पडायची. हे माझं शेवटचं मोठं काम, असं ती म्हणाली होती.

थंडी सुरू झाल्यापासून गराजला तिचा एकच नियम होता. आत पाण्याचा थेंब नाही. तिने तो आम्हा दोघांना सांगितला होता, ह्यांना तर बोट उगारून.

रविवारी दुपारी मी आणि बाई ग्रोसरीला गेलो. सोमवारी सकाळी मी चहा ठेवत होते आणि गराजचं दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज नाही. मला ते आवडलं नाही. गॅस बंद करून मी गेले.

पुतळा ओल्या पंच्यात गुंडाळलेला होता. पंचा गोठून पत्र्यासारखा झालेला. आईच्या कपाळावर कुंकवाचं बोट. आणि मागची टोपी, आतल्या तान्ह्यासकट, पाठीपासून तुटून खाली पोत्यावर पडली होती. टोपीच्या आत वाटीएवढा बर्फ. बाई त्या बर्फाकडे बघत उभी होती.

मागून हे आले, हातात तांब्या. मला एका क्षणात सगळं कळलं. मूर्ती जागेवर बसवायच्या आधी ती पाण्यात ठेवायची असते, जलाधिवास म्हणतात. ह्यांच्या वडिलांनी गावोगावी केलेला विधी. हे कुणाच्या तरी आईला कोरडीच पाठवतील कसे? एवढी जड मूर्ती पाण्यात ठेवता येईना, म्हणून रविवारी आम्ही बाहेर असताना कोमट पाण्याने न्हाऊ घातली, मंत्र म्हटले, ओला पंचा गुंडाळला. बाईचा नियम ह्यांना वाटला कामापुरता, आणि काम तर झालं होतं. टोपीत पाणी साठलं. रात्री पारा घसरला.

"अहो," मी म्हटलं, "आयुष्यभर लोकांना सांगितलंत ना, हिवाळ्यात पाणी साठलं की पाइप फुटतो? लोखंडाचा पाइप. आणि हा दगड?"

ह्यांनी तांब्या छातीशी धरला. मला त्यांची दया आली नाही, खरं सांगते. मला त्यांना तिथेच गोठवावंसं वाटत होतं.

बाई आमच्या मधून चालत घरात गेली. तिने बेसमेंटच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. मग वर आली आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या उघडल्या, दिवाणखान्यातल्या उघडल्या, वरच्या मजल्यावरच्याही. आम्ही दोघं कोट घालून सोफ्यावर बसून राहिलो. संध्याकाळी नातीचा फोन आला, वाजत राहिला. बाईने तो उचलला नाही. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

मंगळवारी गॅलरीवाली फोटो काढायला आली. तिला काय झालंय ते माहीत नव्हतं. गराजमध्ये शिरली, हात तोंडावर ठेवला, मग हळूहळू पुतळ्याभोवती फिरली.

"हात लावू नका," ती म्हणाली. "असंच ठेवा. आई एकीकडे, मूल दुसरीकडे. अहो, हेच तर घडलं होतं. मी हे असंच मांडते, लोक रडतील."

हे पहिल्यांदाच मान वर करून बघायला लागले. मलाही वाटलं की बरं झालं, सुटलो. शिवाय ती म्हणत होती तेही खोटं नव्हतं. भोकं पाडून सळ्यांनी जोडायला गेलं तर उरलेला दगडही जाईल, आईचं डोकंसुद्धा, हे तिने बाईला बजावून सांगितलं. भोकं पाडायची तिथेच दगड कमजोर होता.

बाईने नाक मुरडलं. गॅलरीवालीला ते कळलं नाही, ती बोलतच राहिली. तेव्हा बाईने हात वर करून तिला थांबवलं.

"मला तिच्या पाठीवरून एकदा काढलंय," ती म्हणाली. "पुरे झालं."

बुधवारी सकाळी पुतळा ट्रॉलीवरून माझ्या स्वयंपाकघरात आला, कारण दगड जोडायचा गोंद थंडीत धरत नाही. तो भरला की दिवसभर खोली उबदार लागते. बाईने स्वतः फिरून सगळ्या खिडक्या लावल्या, पण ते दगडासाठी. स्टीलच्या जाड सळ्या आणि गोंद आणायला हे गेले. आणून दारातच ठेवले आणि स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात उभे राहिले.

"अपस्टेअर्स, बस," बाईने जमिनीकडे बोट दाखवलं. "धर हिला. हलायचं नाही."

कशी धरू? मग मला एकच बसणं सुचलं. तान्ह्याला न्हाऊ घालताना बसतो तसे पाय लांब केले, त्यावर टॉवेल घातला आणि टोपीसकट ते दगडाचं पोर पायांवर पालथं घेतलं. गार होतं आणि भलतंच जड. बाई गुडघ्यांवर बसली. बधिर बोटांवर तिने फुंकर मारली, ती ड्रिलच्या मुठीवर बसवली आणि टोक माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावर, पोराच्या मानेखाली टेकवलं.

ड्रिल सुरू झालं. माझे दात वाजत होते. धूळ नाकात गेली, शिंक येईल म्हणून मी ओठ चावला. मध्येच आवाज बदलला, बारीक झाला. बाई थांबली. पेराने ठोकलं, कान लावला, पुन्हा ठोकलं. बद्द. अजून जरा आत गेली असती तर पोराचं डोकं माझ्या पायांवर वेगळं झालं असतं. तिने डोळे मिटले आणि नुसती बसून राहिली. मला वाटलं, आता ही ड्रिल खाली ठेवते आणि सगळं संपतं.

तिने टोक दुसऱ्या बाजूला, जरा तिरकं टेकवलं आणि पुन्हा सुरू केलं. या वेळी आवाज शेवटपर्यंत एकसारखा राहिला. दुसरं भोक, मग आईच्या पाठीत त्यासमोरची दोन. सळ्या बसल्या, गोंद भरला, गाडीवर सामान बांधायच्या पट्ट्यांनी तिने आईला आणि पोराला करकचून आवळलं. तेव्हा मला कळलं की मला उठताच येत नाहीये. पाय बधिर झाले होते. बाईने मला काखेत धरून उचललं.

मग ती माझ्याशीच बोलली, पण बोळात ऐकू जाईल अशा आवाजात. "मिस्टरला विचार, पाणी का?"

हे पुढे आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "तिला सांग, एवढ्या लांब जाऊन बसायचं होतं तिला. पाणी न देता कसं पाठवायचं?"

मी सांगितलं. बाईने भुवया उचलल्या नाहीत की नाक मुरडलं नाही. खाली निघून गेली.

शनिवारी एक व्हॅन होती, तिच्यातून पुतळा आणि मुलाचं कुटुंब गेलं. बाई आमच्या गाडीत मागे बसली आणि हायवेला लागताच तिने खिडकी पूर्ण खाली केली. तासभर तो वारा. ह्यांची स्टिअरिंगवरची बोटं लाल झाली. मला त्यांच्या कोटाचा खिसा फुगलेला दिसत होता. तांब्या. ह्यांनी पुन्हा तांब्या आणला होता, प्रवासातला, फिरकीच्या झाकणाचा. दफनभूमीत ह्यांनी तो बाहेर काढला तर मी काय करीन, मला सांगता येत नव्हतं.

चौथऱ्यावर पुतळा बसला. जोड लपला नव्हता, टोपीखालून जाडजूड करडी रेघ दिसत होती. बाईने ती घासून बुजवलीही नव्हती. नात पुढे आली, हातातलं मिटन काढून त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि मग चेहऱ्याकडे बघितलं.

"दॅट्स मी," ती म्हणाली.

बाईने भुवया उचलल्या.

"मग टोपीत कोण?"

"मी," बाई म्हणाली.

पोरीने एकदा दगडाच्या तान्ह्याकडे आणि एकदा आजीच्या रुंद खांद्यांकडे पाहिलं. "यू आर टू बिग," ती म्हणाली. बाई हसली. सोमवारपासून पहिल्यांदा.

मग ती वळली आणि ह्यांच्यासमोर येऊन हात पुढे केला. "मिस्टर. पाणी."

ह्यांनी खिसा घट्ट धरला. "नको," हे म्हणाले, मराठीतच, माझ्याकडे बघून. "सांग तिला, थंडी आहे. पुन्हा तडकेल." इतक्या वर्षांत पाणी द्यायला नाही म्हणताना मी ह्यांना तेव्हाच पाहिलं.

बाईने हात मागे घेतला नाही. मी ह्यांच्या खिशातून तांब्या काढला आणि झाकण उघडून तिला दिला. तिने एक घोट घेतला, पण गिळला नाही. गाल फुगवून तो तोंडात धरून ठेवला, बराच वेळ. मग गुडघ्यांवर बसली आणि दगडापासून दूर, गवतावर तोंड टेकवून ते पाणी जमिनीत सोडलं. नातीने तसंच केलं, थोडं हनुवटीवर सांडलं.

उठताना बाईने ह्यांच्या दंडाचा आधार घेतला. "बोटीवरून उतरल्यावर तिला कुणी पाणी विचारलं असेल का," ती म्हणाली, "मला माहीत नाही." हे तिथे उभे राहून लहान मुलासारखे रडले. मी रुमाल शोधत राहिले.

परत जाताना मुलगा व्हॅनमध्ये चल म्हणत होता, पण बाई आमच्याच गाडीत बसली. मी मफलर कानावर ओढून तयारीत होते. हायवे लागला, मग आमची एक्झिट आली, मग आमची गल्ली. घर येईपर्यंत तिने खिडकी उघडली नाही.